पितराच्या पाटावर

बाबा, मला दम लागायला लागला तेव्हा मी तीन वर्षं पोटाच्या घेराला दोष दिला. मग डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप जन्मापासूनच सदोष आहे, वडलांचीही असेल. म्हणजे वांगी तोडताना तुम्ही दर दोन सऱ्यांनी धुऱ्यावर, बांधावर बसायचात, तो आळस नव्हता. मी मात्र तोडणीच्या बायांसमोर म्हणालो होतो, "बाबा बसून नाई राह्यले, पुढचं वांगं मोठं व्हायची वाट पाहून राह्यले!" बाया खिदळल्या. तुम्हीही हसलात, उठलात, भरलेली पाटी डोक्यावर घेतलीत. दिवाळीच्या आत गेलात. आज लोकांची टिंगल करून पोट भरणाऱ्या माझा तो पहिला गाजलेला विनोद.

ऑपरेशनच्या सकाळी छाती भादरून घेताना भीती होती, पण मरणाची कमी. तिकडे तुम्ही भेटाल याची जास्त. काही तास माझं हृदय बंद ठेवलं होतं म्हणे. तुम्ही कुठंच दिसला नाहीत. जाग आली तर छातीत नव्या झडपेची टिकटिक. वाचलो म्हणून हसायचं, तर रडू फुटलं.

परवा आखाजी, अक्षय्य तृतीया झाली. पितर म्हणून दरवर्षी तुमच्या पाटावर जेवणारे शेजारचे काका लेकीकडे अनसिंगला गेलेले. पोटच्या पोराला तिथं बसवत नाहीत. पण आई म्हणाली, "तूच बस. तू तं तिकडून जाऊन आला."

मी हसत पाटावर बसलो. पितर जेवेपर्यंत आपल्या घरात कोणी बोलत नाही, त्यामुळे खोलीभर टिकटिकच ऐकू येत होती. आईनं कान देऊन ऐकलं आणि डोक्यावर पदर ओढून घेतला.

"आता दम नाई ना लागत तुमाले?"

जन्मात ती मला 'तुमी' म्हणाली नव्हती.

"नाई लागत."

"पोरगं त्या दिवशी बोललं, ते मनाले नाई ना लावून घेतलं?"

टिकटिक वाढली. बायको खाली बघत होती. थट्टेवारी नेता आलं असतं.

"नाई," मी म्हणालो. आवाज माझा वाटला नाही. "लेकरूच तं होतं ते."

आई रडली, आणि कित्येक महिन्यांनी पोटभर जेवली.

हे पत्र तिच्या हाती लागू नये म्हणून आता फाडून टाकतो. बाबा, तुमच्या तोंडून मीच मला माफ करून घेतलं. बाया खिदळल्या तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो.