आंघोळीचं पाणी

धाकट्या,

तू पाद्री झालास, तरी मला धाकटाच. काल माझ्या बाळंतीण लेकीला सांगून गेलास, बाळ पापातच जन्मतं, बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडल्याशिवाय त्याला स्वर्ग नाही. तेव्हापासून ती पाळण्यापासून हलत नाही, सारखा त्याचा श्वास बघते.

अरे, प्रसूतिगृहात नुकती जन्मलेली पोरं पुसण्यात माझं आयुष्य गेलं. रक्त पुसलं, चिकटा पुसला. पाप काही कधी फडक्याला लागलं नाही. आणि तान्ह्यावर डूख धरतो, तो कसला रे देव? तो नाहीच. पण माझ्या लेकीची भीती खरी आहे, आणि ती तू घातलीस.

हे पत्र टाकत नाही. रविवारी येशील तेव्हा तोंडावरच सांगेन. बाळावर पाणी घालायचंच असेल, तर आंघोळीचं घाल. आधी कोपर बुडवून बघ, फार कढत नको.

तुझी ताई