शिडी गेला

४ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

शिडी गेला. कर्ता स्त्रीलिंगी, क्रियापद पुल्लिंगी. वर्गात कुणी असं लिहिलं असतं तर मी लाल रेघ ओढली असती. पण साडेसहा फुटांच्या त्या व्हॉलीबॉलपटूला सगळा हॉल सात वर्षं याच नावाने हाका मारतोय. काल रेडिओवर तो स्वतः म्हणाला की मी जातोय, तेव्हा लिंगाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आणि गेला कुठे, तर तुमच्या गावच्या निळ्या संघाकडे! तुम्ही लोक घरोघर लिफ्टा बसवता तेवढ्याने भागेना, आता आमची शिडीही उचलून नेलीत.

कारण काय, तर नवं आव्हान. मूळ शब्दाचा अर्थ नुसती हाक. ती कुणी मारली, ते मात्र तो बोलला नाही. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने दुकानातला त्याचा फोटो उतरवला. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिला, आणि गिऱ्हाईक दाढी करून घेताना आरशातून नेमकं तिकडेच बघतं. त्याने तिथे कॅलेंडर लावलं, तर ते लहान पडलं.

माझं म्हणशील तर बावीस वर्षं आठवडाभर मुलांना संस्कृत धातू चालवायला लावायचे आणि शनिवारी संध्याकाळी माईकवरून खेळाडू पुकारायचे. माझी रीत तुला ठाऊक आहे. आपल्या, म्हणजे हिरव्यांच्या, खेळाडूचा क्रमांक सांगून थांबायचं, नाव लोकांनी घ्यायचं. छंदातला यतीच तो, ओळीतला ठरलेला थांबा. पाहुण्यांना यती नाही, क्रमांक आणि नाव एका दमात. एकदा हौसेने मी शिडीला निःश्रेणी म्हटलं, तर लोकांना वाटलं पाहुण्यांत कुणी नवा आला. आता नऊ क्रमांक म्हणून थांबलो तर काय ऐकू यायचं?

ज्या कोर्टाचे पट्टे अप्पांनी कारखान्याच्या रंगखात्यात असताना दर वर्षी स्वतः रंगवले, त्यावर शिडीएवढं हलक्या पावलाने कुणी चाललं नाही, असं ते म्हणायचे. बातमी कळल्यावर कानातलं यंत्र काढून त्यांनी टेबलावर ठेवलं, ते तिथेच आहे. तुझी वहिनी म्हणते, बरं झालं, आता शनिवारी माणसं घरात दिसतील. ते ऐकायला अप्पांकडे यंत्र नाही आणि माझ्याकडे इच्छा नाही.

फोन केला नाही, कारण फोनवर आपलं तिसऱ्या मिनिटाला बिनसतं. पत्रात निदान तुझं उत्तर येईपर्यंत सलोखा राहतो.

सूनबाईंना आशीर्वाद. लोभ आहे तो असू दे. वाढवायचं तुझ्या सवडीने बघ.

तुझा,
दादा

———

१५ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. हसलोही आणि वाईटही वाटलं. पण खरं सांगू का, माणूस एकतीस वर्षांचा आहे, गुडघे अजून तीन-चार वर्षं साथ देतील, त्याने जायचं ठरवलं तर त्यात एवढं सुतक कशाला? मी दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उभा असतो. वरखाली होणाऱ्या गोष्टींचा मला राग येत नाही.

एक सुचवतो, लगेच डोळे वटारू नकोस. शिडी आता आमच्या संघात खेळणार. आमचा हॉल घरापासून दहा मिनिटांवर आहे, पायऱ्या कमी आहेत, लिफ्ट आहे आणि ती मीच बसवली आहे. अप्पांना हा हंगामभर इकडे पाठव. त्यांना शिडी बघायला मिळेल, तुला आणि वहिनीला जरा श्वास घेता येईल. ही म्हणाली, मागची खोली आम्ही रिकामी केलीच आहे.

रागावू नये, आणि लोभात कपात नसावी.

तुझा,
धाकटा

———

२४ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रातलं 'आमच्या संघात' मी तीनदा वाचलं. संस्कृतात ही पंचाईत नाही. अस्माकम् म्हटलं की ऐकणारा आत आहे का बाहेर, हे मोघम राहतं, आणि भावाभावांत मोघमपणा बरा असतो. मराठीने मात्र दोन दारं करून ठेवली. आपला म्हटलं की समोरचा घरात. आमचा म्हटलं की तो उंबऱ्याबाहेर. तू मला बाहेर उभं केलंस आणि वर विचारतोस, अप्पांना पाठवतोस का!

शिडीचे गुडघे तू मोजलेस. अठरा वर्षांपूर्वी तूही गेलास, तेव्हा तुझे गुडघे उत्तम होते. तू आव्हान वगैरे म्हणाला नाहीस, तू 'दोन वर्षांसाठी' म्हणालास. मी शाळेत मुलांना संख्यावाचकं शिकवतो, त्यात दोनचा अर्थ अठरा कुठेही दिलेला नाही. त्या काळात आईचं आजारपण झालं, ती गेली, अप्पांचे कान गेले, आणि तू दर वेळी रविवारी येऊन सोमवारी सकाळची गाडी गाठलीस. श्वास घ्यायचं म्हणशील, तर अठरा वर्षं मी तो घेतच आलोय. सवय आहे.

अप्पा येणार नाहीत. त्यांना विचारायची गरज मला वाटत नाही.

लोभाबद्दल या खेपेला काही लिहीत नाही.

दादा

———

२ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं ४ जूनचं पत्र माझ्याकडे जपून ठेवलेलं आहे. त्यात तुझ्या अक्षरात लिहिलंय, 'तुमच्या गावच्या', आणि त्याच्याच खाली, 'आमची शिडी'. आधी दार कुणी लावलं, मास्तर? मी तर माझ्या अडाणीपणाने तुझाच शब्द उचलला.

बाकी आईबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे.

पण अप्पांना विचारायची गरज नाही, हे चुकलं. ते आलेलं टपाल तुझ्या आधी उघडतात हे विसरलास. माझं पत्र त्यांनी वाचलं. काल मला त्यांचं कार्ड आलं, पाटीवर रंगवावं तसं एकेक अक्षर सुटं: रविवारी येतो, दादाला मी सांगतो. त्यांनी अजून सांगितलं नसेल, तर हे पत्र आलंच नाही असं समज.

तुझा,
धाकटा

———

८ जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

सांगितलं, शनिवारी. बॅग भरून झाल्यावर. मी म्हटलं, इथे काय कमी पडलं, तर त्यांनी यंत्र कानात घातलं, माझं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, नीट ऐकलं, आणि म्हणाले, कमी काही नाही रे, पण तिकडचं बघू दे.

आता तुझ्या ताब्यात आहेत, तेव्हा ऐक. ऐकू आलं नाही तरी हो म्हणतात. हो म्हटल्यावर एकदा उलट विचारावं. डावा कान बरा आहे, त्या बाजूला बसावं. यंत्राची बॅटरी दर मंगळवारी बदलावी, ते विसरतात आणि आपल्यावर ढकलतात. सामना संपल्यावर पाच मिनिटं उठत नाहीत, कोर्टाच्या पट्ट्यांकडे बघत बसतात. घाई करू नये. रक्तदाबाची गोळी न्याहारीनंतर, आधी नाही.

हे सगळं मला पाठ आहे याचं मला काल प्रथमच वाईट वाटलं.

दादा

———

२० नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अप्पा मजेत आहेत. खोटं कशाला सांगू, आल्यापासून दोन किलो वाढलेत. हिने त्यांना निळी मफलर विणून दिली, ती घरातही काढत नाहीत. शिडीने एकदा त्यांना ओळखलं, बाकावर येऊन हात मिळवला. तीन दिवस त्या हाताचीच गोष्ट चालली होती.

आता मुद्द्याचं. १२ डिसेंबरला आमचा, म्हणजे निळ्यांचा, तुमच्या हॉलमध्ये सामना आहे. (बघ, शब्द निवडून निवडून लिहितोय.) अप्पांची इच्छा आहे की त्यांच्या जुन्या जागेवर बसावं, हिरव्यांच्या बाजूला, तिसरी रांग, न्हाव्याच्या शेजारी. दोन पास तू सहज देऊ शकतोस. मफलर मी त्यांना काढायला लावीन. शिडी परत आल्यावर हॉल तापलेला असणार, म्हणून ते तुमच्यातच बसलेले मला बरे वाटतील.

उत्तर लवकर दे. लोभ राहिला असेल तर त्यातला थोडा या कामी यावा.

तुझा,
धाकटा

———

२८ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

हिरव्यांचे पास हिरव्यांसाठी असतात. पाहुण्यांनी पाहुण्यांच्या बाजूला बसावं, असा हॉलचा नियम आहे, आणि तो बोर्डावर लिहिलेला आहे. बोर्ड अप्पांनीच रंगवलाय.

मफलर काढायला लावू नकोस. डिसेंबरात गारठा असतो.

दादा

———

१४ डिसेंबर

दादा,

नमस्कार वगैरे आज राहू दे.

आम्ही तुझ्या नियमाप्रमाणे पाहुण्यांच्या बाजूला बसलो, पहिल्या रांगेत, कारण अप्पांना वर चढवेना. तुझं टेबल समोर, वीस पावलांवर. अप्पांनी तुला हात केला. तू कागद चाळत होतास.

निळ्यांचे आठ खेळाडू तू रीतीप्रमाणे एका दमात पुकारलेस. मग नऊ क्रमांक म्हणालास आणि थांबलास. बावीस वर्षांत पाहुण्यासाठी तू कधी थांबल्याचं मी ऐकलं नाही. लोक त्या जागेची वाटच बघत होते. त्यांनी ती कशाने भरली, ते तूही ऐकलंस. आधी शिव्या, मग कागदाचे बोळे, मग बाटल्या. शिडी लांब उभा होता, त्याच्यापर्यंत एकही पोचली नाही. त्या आमच्यावर पडल्या. अर्धी भरलेली एक अप्पांच्या डाव्या कानावर बसली. यंत्र उडून बाकांच्या फळ्यांखाली गेलं. फेकणारा न्हावी होता. त्याने अप्पांना ओळखलं नसेल असं मी धरून चालतो. मफलर निळी होती.

मी वाकून यंत्र शोधत होतो आणि तुझ्या आवाजाची वाट बघत होतो. एक वाक्य पुरलं असतं. तो हॉल तुझं ऐकतो. पंचांनी शिट्टी मारून सामना थांबवला, तोवर तू एक अक्षर बोलला नाहीस.

कानामागे तीन टाके पडले. यंत्र सापडलं, चालत नाही. पण मी हे पत्र त्यासाठी लिहीत नाही. परतीच्या गाडीत अप्पांनी मला विचारलं, दादा माईकवरून काय म्हणाला? तो बोललाच असणार, मला ऐकू आलं नाही, यंत्र पडलं होतं ना. डाव्यावर पट्टी होती, म्हणून मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, की तू म्हणालास, हात आवरा, ते माझे वडील आहेत. सगळ्या डब्याने ऐकलं. अप्पांनी मान हलवली आणि झोपले. सकाळी हिलाही तेच सांगत होते.

आता ते म्हणतात, हंगाम संपला की दादाकडे जातो. तू काय कळवतोस ते बघून मी ठरवीन.

धाकटा

———

१९ डिसेंबर

चि. धाकट्यास,

आशीर्वाद लिहायचा हक्क राहिला आहे का, ते माहीत नाही, म्हणून मोकळी जागा सोडतो.

माईक चालू होता. वीज गेली नव्हती, वायर सुटली नव्हती. क्लबच्या सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी तसं विचारून मला एक पळवाट काढून दिली. ती मी घेतली नाही. एवढीच काय ती माझी बाजू.

मी अप्पांना पाहिलं होतं. त्यांनी हात केला तोही पाहिला. कागदावर वाचण्यासारखं काही नव्हतं, नावं मला पाठ होती. निळी मफलर पाहिली आणि माझ्या मनात आलं की बसा तिकडे, तुम्हाला तिकडचं बघायचं होतं ना. नऊ म्हणून मी थांबलो ते शिडीसाठी नव्हतं. शिडीचं मला ऑगस्टपासूनच काही वाटेनासं झालं होतं.

बाटली लागली तेव्हा ते कानाला हात लावून माझ्याकडे बघत राहिले. तुझ्याकडे नाही, शिडीकडे नाही. किती वेळ ते मला सांगता येईल, कारण थांबलेला वेळ मोजणं हाच माझा धंदा. अकरा मात्रा. मग शिट्टी झाली.

न्हावी येऊन रडून गेला. त्याने ओळखलं नव्हतं. मी माईक सोडला, तसं क्लबला लिहून दिलं आहे. कुणी फारसा आग्रह केला नाही.

त्यांना इकडे पाठवायचं की नाही, ते तू ठरव. पाठवलंस तर मी त्यांना खरं काय ते सांगीन, त्यांच्या उजव्या कानाशी, ओरडून, आणि ते तुझ्या वहिनीला आणि शेजारपाजाऱ्यांनाही ऐकू जाईल. नाही पाठवलंस तर त्यांना तुझंच ऐकलेलं राहू दे.

तू माझ्या तोंडी घातलेलं वाक्य चांगलं आहे. थोडक्यात आहे, हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं असतं. ते मला सुचलं नसेल म्हणून मी गप्प बसलो, अशी माझी समजूत घालू नकोस.

सुचलं होतं.

दादा