ताईच्या यकृतातली जादा भरती

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा क्षयाच्या गोळ्या संपल्या, जिंकलीस! पण अजून एक काम आहे. हृदयातल्या नव्या झडपेसाठी तू रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतेस, तिला यकृतातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, मोडून काढतं. क्षयाच्या गोळीने त्याची जादा भरती केली होती. म्हणून तर डॉक्टरीणबाईंनी तुझी मात्रा तिप्पट केली. आता भरती बंद. मात्रा तीच राहिली तर रक्त फार पातळ होईल. उद्याच्या उद्या तपासून घे. बसची इंजिनं उघडणाऱ्याने सांगितलं म्हणून सोडून देऊ नकोस. मी तीन पुस्तकं वाचली आहेत, त्यातली दोन समजलीही आहेत.

तुझा हट्टी भाऊ

९ मार्च

चि. दीडशहाण्यास,
अ. आ.

तपासलं. सगळं जिथल्या तिथे! बाई रजेवर आहेत. बदली डॉक्टर म्हणाले, आता महिन्याने या. तुझे मेहुणे म्हणतात, साल्याने इंजिन समजून बहिणीचं यकृत उघडलं. हसून पोट दुखलं. सुया टोचून हाताची चाळण झालीय. महिनाभर तिकडे फिरकणार नाही.

माया आहेच.
ताई

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न.

मेहुण्यांना हसू दे. चूक माझीच, आणि ती सापडली. भरती थांबली म्हणून आधीचे कामगार त्याच दिवशी घरी जात नाहीत. पेशी जुन्या विकराला एका इवल्या प्रथिनाची खूण चिकटवते, आमच्या डेपोत निकामी भागावर पिवळी फुली मारतात तशी. मग तिथलंच एक यंत्र त्याचे तुकडे करतं. ते तुकडे पुन्हा नव्या बांधणीला लागतात. जादा माल असा उपसायला दोन-तीन आठवडे जातात. तुला पहिल्याच आठवड्यात पाठवणं म्हणजे इंजिन बंद केल्या केल्या बॉनेट थंड का नाही, असं विचारणं. शिकाऊ पोरालाही मी यावरून झापला असता.

अठराला जा. सायकल सोडून मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. हे मागतो.

तुझाच

२० मार्च

चि. शहाण्यास (दीडातला अर्धा काढून टाकलाय),
अ. आ.

पत्र आलं त्याच सकाळी हिरड्यांतून रक्त आलं, थांबेचना. मेहुणे म्हणाले, ब्रश कडक आहे, आणि नवा आणायला निघाले. मी तुझं पत्र फोडलं, वाचलं आणि अठराची वाट न बघता त्यांना दारातूनच दवाखान्याकडे वळवलं. रक्त हवं त्याच्या दुप्पट पातळ निघालं! डॉक्टरांनी गोळी दोन दिवस थांबवली, मात्रा उतरवली. आणखी आठवडा गेला असता तर डोक्यात रक्तस्राव झाला असता, म्हणाले. मग तुझं पत्र मागून उभ्यानेच वाचलं, पिवळ्या फुलीपाशी थांबले आणि विचारलं, भाऊ कुठल्या कॉलेजात शिकवतात? मी बोलायच्या आत तुझे मेहुणे छाती काढून म्हणाले, डेपोत असतो, इंजिनं उघडतो, आणि आमचा साला आहे!

हिरड्या आज स्वच्छ आहेत. यापुढे तपासणीच्या तारखा तूच कळव.

तुझी, शिल्लक राहिलेली ताई