उघडं इंजिन

सुरेशच्या बाबांना,

तुम्ही गेल्यावर तुम्हाला कधी चिठ्ठी लिहीन असं वाटलं नव्हतं. चौथी शिकलेल्या बाईला असले शौक नसतात. पण काल तुमचा पोरगा डाव्या हातानं जेवला, म्हणून लिहून राहिली.

उजवा हात मांडीवर, वरून गमछा. पोळी डाव्या हातानं तोडून राहिला होता आणि तोंड टीव्हीकडं. मी वरणाची वाटी हातात घेऊन तशीच उभी राहिली. हे बसणं मी आधी एकदा पाहिलं आहे. भिंत तीच, पाट तोच, हात लपवायची तऱ्हा तीच. माणूस तेवढा दुसरा.

आठवते ना तुम्हाला? की तिकडं गेल्यावर माणूस सोयीचं तेवढंच ध्यानात ठेवते?

सारा जन्म सौसरच्या कापडाच्या दुकानात गेला तुमचा. कपडा मोजून मोजून हात असे नरम की माझ्यापेक्षा नरम. आणि म्हातारपणी ती सेकंडहँड गाडी घेतली, आणि त्या दिवशीच ठरवलं की हिला गॅरेज दाखवायचं नाही. काहून? तं म्हणे, गॅरेजवाले चांगला पार्ट काढून घेतात आणि भंगार लावतात. कोणी पाहिलं होतं? कोणीच नाही. पण तुम्ही म्हटलं म्हणजे झालं.

त्या बोनेटखाली टॉर्च धरून मी उभी राहिलेली आहे, मला शिकवू नका. ज्यानं कोणी ती गाडी बनवली त्याला हात नव्हते काय? समोरचा एक बल्ब बदलायचा तं आधी बॅटरी काढा. बॅटरी काढायची तं तिच्यावरची पट्टी काढा. पट्टीचा नट गंजलेला. त्याला पाना बसवला तं फिरवायला जागा नाही. दोन बोटं रुंदीच्या फटीत तुम्ही अख्खा हात घालायचे आणि मंग तो निघायचा नाही.

आणि हातातून सुटलेला बोल्ट! तो कधी जमिनीवर पडला काय हो? एकदा टण् वाजायचं, मंग आत कुठंतरी खोल टिण्, मंग काहीच नाही. इंजिनानं गिळला. जुन्या रेडिओचा चुंबक सुतळीला बांधून तुम्ही दुपारभर त्याला आत सोडायचे, नदीत गळ टाकल्यासारखे.

"इकडं धर टॉर्च!"

"कुठं इकडं?"

"मी पाहून राहिलो तिथं!"

"तुम्ही कुठं पाहून राहिले ते मला काय दिसते?"

हसू नका. त्या हसण्याचं पुढं काय झालं ते मला माहीत आहे.

सेल्फचा खालचा बोल्ट. गाडी धक्का मारल्याशिवाय चालू होईना, म्हणून तुम्ही तिला चालू करणारा सेल्फ बदलायला घेतला. वरचा बोल्ट निघाला. खालचा इंजिनाच्या मागं, दिसत नाही, फक्त हाताला लागते. तुम्ही पान्याला जोर लावला, पाना सटकला आणि मूठ जाऊन पत्र्यावर आपटली. बोटांच्या पेरांवरची साल निघाली. तुम्हाला शुगर. आणि तुम्ही काय लावलं त्याला? इंजिनाचं जळकं ऑइल! "यानं जखम लवकर सुकते." कोण्या मेकॅनिकला लावताना पाहिलं असेल. त्याचं गॅरेज नाही चाललं तुम्हाला, त्याचं औषध चाललं.

मी दवाखान्यात चला म्हटलं होतं. ओरडून म्हटलं होतं, शेजारच्यांनी ऐकलं. तुम्ही काय म्हटलं? "इंजिन उघडं आहे. ते टाकून उठू नये."

हा तुमच्या बापाचा नियम. लोधीखेड्याच्या शेतात, विहिरीवरच्या डिझेल इंजिनासाठी केलेला. उघडं इंजिन टाकून घरचा माणूस उठणार नाही, गावाबाहेर जाणार नाही. सासूबाईंनी मला खरं सांगितलं होतं: एकदा मामंजी इंजिन उघडं टाकून जेवायला आले तं कोणीतरी आतला माल घेऊन पळालं. तो नियम चोरासाठी होता हो! तुम्ही त्याला नारळ चढवला. म्हणे काम होऊन इंजिन पुन्हा बंद झालं की गाडी आधी शनिवारी जामसांवलीला, मारोतीला दाखवायची, मंग बाकी सगळं. म्हणजे दवाखानाही मंगच. मारोतीनं सांगितलं होतं तुम्हाला असं?

शनिवार आला. तुम्ही नागपूरला दवाखान्यात होते आणि शुद्धीवर नव्हते. डॉक्टर मलाच ओरडला, "इतके दिवस काय करून राहिले होते?" मी काय सांगू त्याला? बोल्ट काढून राहिले होते?

लोकं म्हणतात शुगरनं गेले. म्हणू द्या.

गाडी ताडपत्रीखाली पडली होती. मी विकून टाक म्हटलं. सुरेशनं विकली नाही. दुकान सांभाळते, पोरगी शाळेत जाते, वर्षासारखी बायको आहे, सगळं नीट. पण येता-जाता त्या ताडपत्रीकडं पाहायचा. मला ते पाहणं आवडत नव्हतं. या दिवाळीनंतर एका दुपारी त्यानं ताडपत्री काढली.

"बाबांचं काम अर्धं राहिलं आहे, आई."

"राहू दे. काही कामं अर्धीच चांगली."

"व्हिडिओ पाहिला मी. सोपं आहे."

मलाही दाखवला तो व्हिडिओ. त्यात इंजिन टेबलावर ठेवलेलं, चारी बाजूंनी फिरून या. मी म्हटलं, "आपल्या आंगणात इंजिन गाडीत असते रे बा." हसला. मंग वर्षाच्या हातात टॉर्च दिला आणि आत वाकला. "इकडं धर!" ती म्हणे, "कुठं इकडं?" मी आंगणातल्या चुलीवरचं दूध सोडून आत निघून गेली. दूध उतू गेलं.

रोज दुकान बंद केलं की हा तिथं. रोज तोच खालचा बोल्ट. पाना आत पडला तं एक पूर्ण रविवार तो काढण्यात गेला. कोपरापर्यंत ओरखडे. चिडला की पान्यानं चाकाला मारायचा, मंग पुन्हा हात आत. असं वाटायचं गाडीनं मनगट पकडून ठेवलं आहे आणि ती सोडून नाही राहिली.

आणि मंग काल ते डाव्या हाताचं जेवण.

"हात दाखव."

"काही नाही, खरचटलं."

"काही नाही तं दाखव."

"जेवू दे ना, आई!"

मी गमछा ओढला. मधलं बोट वांग्यासारखं, तसंच फुगलेलं, तसंच जांभळं. वरून काळं थापलेलं. मनगटापासून वर एक लाल रेघ चढत गेलेली. तुमची कोपरापाशी पोचली होती तेव्हा मी पाहिली होती. याची अजून खाली होती.

"ऑइल लावलं?"

"बाबा लावायचे."

"बाबा कुठं आहेत?"

त्यानं गमछा पुन्हा हातावर ओढला. वर्षा दारात होती, ती म्हणे, "आई, सकाळी थंडी वाजून आली त्यांना. दोन चादरी टाकल्या." आणि हा म्हणे, "बोल्ट ढिला झाला आहे आता. शनिवारी मारोतीला दाखवतो आणि तसाच दवाखान्यात जातो. इंजिन उघडं आहे, आई."

आवाज तुमचा होता. खोटं नाही सांगत. माझ्या पोराच्या तोंडातून तुम्ही बोलले.

मी वाटी खाली ठेवली, आंगणात गेली, बोनेटला टेकवलेली सळई काढली. बोनेट धाडकन खाली आलं. आणि मी लुगडं सावरून त्यावर चढून बसली. या वयात. गुडघे काय म्हणाले ते विचारू नका.

"आई, आत पाना आहे!"

"राहू दे."

"पत्रा दबते ना! उतर खाली!"

"दबू दे. झालं इंजिन बंद? आता निघ."

शेजारचा मधू ऑटोवाला कुंपणावरून पाहून राहिला होता. "काकू, फोटो काढू काय?" मी म्हटलं, "आधी ऑटो काढ, मेल्या." त्यानं काढला. सुरेश उभाच. घामानं ओला आणि दात वाजून राहिलेले. मी म्हटलं, "तू ऑटोत बसल्यावरच मी इथून उतरीन, नाही तं उतरणार नाही." मंग तो ऑटोत बसला.

गावच्या डॉक्टरनं हात पाहिला आणि खुर्चीवर बसलाही नाही. उभ्या उभ्या नागपूरला पाठवलं.

आता दुपार आहे. दवाखाना तुमचा नाही, दुसरा आहे, पण बाक तसाच आहे, वासही तसाच. त्याच्या बोटातली अंगठी कापून काढावी लागली. डॉक्टर म्हणाला, बोटाचं उद्या पाहू, आधी ताप उतरू दे. "घरात आधी कोणाला असं झालं होतं काय?" वर्षानं माझ्याकडं पाहिलं. मी हो म्हटलं. त्यानं ते कागदावर लिहून घेतलं.

ताप उतरला नाही. रात्रीपासून सलाईन चालू आहे.

खरं सांगू काहून लिहून राहिली? डावा हात पाहून नाही. तो कालचा विषय. आता थोड्या वेळापूर्वी त्याच्याजवळ बसली होती. डोळे मिटलेले, ओठ वाळलेले. आणि तो बोलला. मला नाही, वर्षाला नाही. खोलीच्या कोपऱ्याकडं तोंड करून म्हणाला, "थांबा ना बाबा, आलो."

तुम्ही बोलावून राहिले काय त्याला?

काहून? काम अर्धं राहिलं म्हणून? टॉर्च धरायला कोणी नाही म्हणून? तिथंही अंधारात हात घालून बसले आहात काय? बसा. एकटे बसा. त्याची पोरगी दुसरीत आहे, तिला अजून बाप पुरला नाही.

तुम्हाला वचन देते, नीट ऐका. बोट गेलं तं जाऊ देईन. हात मागितला तं तोही देईन, एका हातानंही कपडा मोजता येते. पण पोरगा देणार नाही. मी त्याच्या आणि त्या कोपऱ्याच्या मधात बसणार आहे, आणि डॉक्टर जा म्हणेपर्यंत हलणार नाही. एवढी घाई असेल तं मला बोलवा. मी येते. आणि आल्यावर तुमची काय गत करते ते पाहा.

सिस्टर हाक मारून राहिली. जाते.

सुरेशची आई