फाटकाची कडी

बुधवार, दुपार

चि. खटपट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी मिळाली. दाराखालून सरकवलेली, अक्षर अजून तसंच, कोंबडी शाईत पाय बुडवून चालल्यासारखं. ‘ताई, येऊन गेलो. बंदरावर बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात लागलोय. सवडीने ये. घाई नाही.’ वाचून बरं वाटलं. काम मिळालं हे फार चांगलं झालं. वेळेवर जेवतोस ना? आई असती तर तिने हेच आधी विचारलं असतं, म्हणून मीही तेच विचारते.

सोमवारी तू आलास आणि मी नेमकी घरी नव्हते. शहरात गेले होते, पडद्यांचं कापड आणायला. चुकामूक झाली. फार वाईट वाटलं.

आमची वसाहत तू पाहिलीसच. शहर जवळ, समुद्र जवळ, पण इथे आवाज म्हणून नाही. बंदरावरचा भोंगा वाजला तर तेवढाच. घरं सगळी एका साच्यातली, पुढे कमरेएवढं फाटक, खिडकीला पडदा आणि पडद्यामागे माणूस. समोरच्या शिकवणीवाल्या बाईंचं मांजर आमच्या अंगणात आलं तर त्या हाक मारत नाहीत, मांजराचा फोटो वसाहतीच्या ग्रुपवर टाकतात. कुणी अनोळखी दिसला तर बाहेर येऊन ‘कोण हवंय?’ म्हणून विचारायची पद्धत नाही. आतूनच फोटो काढायचा आणि टाकायचा. तुझे भावोजी या वसाहतीचे सेक्रेटरी आहेत. त्यांना तू अजून पाहिलेलं नाहीस. माणूस सरळ आहे. जरा जास्तच सरळ आहे, तीच माझी पंचाईत.

आता मुद्द्याचं सांगते. त्याच सोमवारी गल्लीच्या टोकाला, दातांच्या डॉक्टरांकडे चोरी झाली. डॉक्टर जेवून दवाखान्यात गेले ते दिवेलागणीला परतले, तेवढ्या वेळात. मागच्या दाराचं कुलूप न तोडता कुणीतरी सफाईने उघडलं आणि दागिने नेले. संध्याकाळी शिकवणीवाल्या बाईंनी दुपारी काढलेला फोटो ग्रुपवर टाकला. आमच्या फाटकापाशी एक माणूस ओणवा झालाय, हातात स्क्रू ड्रायव्हर. चेहरा अर्धाच दिसतो. खाली विचारलंय, ‘याला कुणी ओळखतं का?’ त्याखाली सगळ्यांचं ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’.

फोटो तुझा आहे.

भावोजींनी तो पोलिसांना दिला. सेक्रेटरीच ते, द्यायलाच हवा. म्हणून सांगते, इकडे फिरकू नकोस. जमलं तर रजा टाक आणि काही दिवस मावशीकडे जाऊन राहा. इथलं निवळलं की मी कळवेन. तू काही केलेलं नाहीस हे मला पक्कं ठाऊक आहे, पण तुझी मागची नोंद सापडायला पोलिसांना कितीसा वेळ लागणार? तेव्हाही तू फक्त कुलूप उघडून दिलं होतंस, आत शिरले ते दुसरेच. तुरुंगात मात्र तू गेलास.

तू म्हणशील, ताई, तू घरी नव्हतीस तर तुला पक्कं कसं ठाऊक?

घंटा वाजतेय. इन्स्पेक्टर संध्याकाळी यायचे होते, ते आत्ताच आलेले दिसतात. पत्र साखरेच्या डब्याखाली ठेवते.

बुधवार, संध्याकाळ

वरचं सगळं फाडणार होते. नाही फाडत. आपली ताई काय चीज आहे ते तुला कळू दे.

मी घरीच होते. तू घंटा वाजवलीस तेव्हा मी पडद्याआडून पाहिलं. कानांजवळचे केस पांढरे झालेत रे तुझे. हात दाराकडे गेला आणि मी तो मागे घेतला. लग्न ठरताना यांना सांगून ठेवलं होतं, भाऊ जहाजावर असतो, वर्षानुवर्षं येत नाही. वसाहतीलाही तेच माहीत. दार उघडलं असतं तर समोरचा पडदा हलला असता आणि तू कोण, कुठून आलास, हे सगळं निघालं असतं. मी मुकाट उभी राहिले.

तू गेला नाहीस. रस्त्यापलीकडच्या बाकावर बसून राहिलास, दुपारभर. मी आत चोरासारखी. चहा केला तोसुद्धा भांड्याचा आवाज न करता. माझ्याच घरात.

मग तू उठून फाटकाशी आलास. ती कडी वर्षभर लागत नव्हती, जरा वारा आला की फाटक आपटायचं. कुणाच्या घरी गेलास की आधी तिथलं ढिलं दार शोधायचास, म्हणून तर आईने तुझं नाव खटपट्या ठेवलं. खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढलास, कडी बसवलीस, लावून पाहिलीस आणि परत बाकावर जाऊन बसलास. बाई तेवढा एक फोटो काढून शिकवणीला निघून गेल्या. पुढचं त्यांनी पाहिलं नाही, मी पाहिलं. दिवे लागल्यावर चिठ्ठी सरकवून तू गेलास. डॉक्टरांकडे चोरी झाली तो सगळा वेळ तू माझ्या डोळ्यांसमोर होतास.

आणि ग्रुपवर त्या फोटोखाली मीही लिहिलं, ‘नाही, ओळखत नाही.’

याहून वाईट सांगते. चोरीचं ऐकलं तेव्हा, तुला दुपारभर बघत बसलेली असूनही, एक क्षण मनात आलं, हाच तर नसेल? त्या क्षणाची मला जास्त लाज वाटते.

इन्स्पेक्टर फोटो मोठा करून घेऊन आले होते. चहा पीत म्हणाले, “हा सापडल्यात जमा आहे. नोंद आहे याची आमच्याकडे. उद्या उचलतो.”

हे म्हणाले, “आमचीच कडी उचकटत होता बघा. नशीब, ही तेव्हा शहरात होती.”

“उचकटत नव्हता,” मी म्हणाले. “बसवत होता.”

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी यांना म्हणाले, “फाटक लावून बघा.” हे गेले. सोमवारपासून फाटक आपटायचं थांबलंय, हे यांच्या लक्षातही आलं नव्हतं. कडी खट्कन लागली. हे ती काढत राहिले, लावत राहिले, मग आत आले.

“तुला कसं माहीत?”

“मी घरात होते. दुपारभर त्याला बघत होते. तो माझा भाऊ आहे.”

इन्स्पेक्टरांनी कप खाली ठेवला. “सख्खा?”

“सख्खा.”

“मग दार का नाही उघडलंत?”

काय सांगणार? मी म्हणाले, “लाज वाटली.” त्यांनी तेही लिहून घेतलं.

ते गेल्यावर यांनी एवढंच विचारलं, “म्हणजे जहाज वगैरे काही नाहीच?” मी नाही म्हणाले. तेव्हापासून मागच्या पायरीवर बसलेत. रागावले असतील तर त्यांचं चुकत नाही. त्यांचं मी निस्तरेन.

ग्रुपवर त्या फोटोखाली लिहिलंय, ‘हा माझा धाकटा भाऊ आहे. आमच्या फाटकाची कडी दुरुस्त करत होता.’ समोरचा पडदा हलला. 

आता नीट ऐक. मावशीकडे जा म्हणून वर लिहिलंय, ते मनातून काढून टाक. तुझा कारखाना कुठे ते मी इन्स्पेक्टरांना सांगितलं, तेव्हा जाताना ते म्हणाले, “बहीण भावाला वाचवणारच, बाई. उद्या तो जागेवर सापडला तर तुमचं खरं मानू.” मागच्या वेळी घाबरून पळालास आणि सगळं तुझ्या अंगावर आलं. या वेळी पळू नकोस. ते आले की हातातलं काम ठेव आणि विचारतील ते सांग. तू पळालास तर माझ्या जबाबाला काडीची किंमत उरणार नाही, आणि खरं सांगणारं दुसरं कुणी नाही.

दूधवाल्याची गाडी पहाटे बंदराकडे जाते, त्याच्या हाती हे पत्र देतेय. सकाळी ठाण्यात जाऊन जबाबावर सही करते आणि तिथून थेट तुझ्या कारखान्यात येते. डबा आणते. जागेवर राहा, खटपट्या. तू लिहिलंस, घाई नाही. मला आहे.

जबाबात लिहून दिलंय तशी,
तुझी सख्खी बहीण,
ताई