खिडकीसमोरचा मोठ्या अक्षरांचा संगणक

३ मार्च
अंधुक नजरेच्या लोकांना वापरता येईल असा सार्वजनिक संगणक आपल्या वाचनालयात हवा, असं ठरवलं. कारण डागमार. वय एक्याऐंशी. समोर काळा डाग, कडेनं थोडं दिसतं. धाकटी बहीण एब्बा ऑस्ट्रेलियात, म्हणजे स्वीडनपासून जितकं लांब जाता येईल तितकी लांब. तिच्या मेल शेजारीण माय-ब्रिट वाचून दाखवते. दुपारपर्यंत त्या गावाला पाठ होतात. डागमार काउंटरवर म्हणाली, "हेन्निंग, बहिणीचं पत्र मला एकटीला वाचायचंय. मरायच्या आधी एकदा तरी." शब्द दिला. उद्घाटन २७ तारखेला.

५ मार्च, कॉफीनंतर
योजना वाचनालयातल्या सहकाऱ्यांपुढे मांडली. जागा हॉलच्या मधोमध, मोठ्या खिडकीसमोर. भरपूर उजेड, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. सगळे रिकाम्या कपात बघू लागले. शेवटी युनिल्ला म्हणाली, "रोचक आहे." टुरे म्हणाला, "हो, रोचक आहे." एकमतानं मंजूर.
टुरे नंतर म्हणाला, डागमारला एकदा विचारायचं का? नाही. सरप्राइझ आहे.

९ मार्च
सेटिंग स्वतः केलं. अक्षरं इतकी मोठी की पडद्यावर एका वेळी एकच शब्द मावतो. युनिल्लानं काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सुचवली. डोळ्यांना त्रास कमी होतो म्हणे. नाकारलं. सुतकी दिसतं.

१० मार्च
सकाळी अक्षरं पुन्हा बारीक. पुन्हा मोठी केली.

११ मार्च
पुन्हा बारीक. हा घातपात आहे. युनिल्लावर लक्ष ठेवणं.

१२ मार्च
कॉफीच्या वेळी थेट विचारलं, माझ्या मशीनला हात कोण लावतं? युनिल्ला म्हणाली, "कोणी नाही रे बाबा. लॉग-आउट केलं की मशीन स्वतःच सगळं पुसून टाकतं. मागच्या वर्षी ही सोय सगळ्या मशीनवर तूच बसवून घेतलीस ना? कोणी पडद्यावर ढुंगणाचा फोटो लावला होता तेव्हा." टुरे तोंडात बन असताना हसला. हे खाजगीत सांगता आलं असतं.
उपाय: लॉग-आउट करायचंच नाही. इतका सोपा उपाय कोणालाही सुचला नव्हता.

१८ मार्च
चाचणी. डागमारला हाताला धरून आणलं. बाहेर बर्फ, वर ऊन. ती म्हणाली, "मला नुसतं पांढरं दिसतंय." सवय नाही, दुसरं काय. पडदा फिरवला, तर म्हणे शब्द एवढा मोठा की दुसरा येईपर्यंत पहिला विसरते. ही नाराजीची खोड वयानुसार वाढते. शेवटी एब्बाचं पत्र मीच मोठ्यानं वाचून दाखवलं. एब्बा नवऱ्याला सोडून दिराकडे राहायला गेली आहे. हे वाचेपर्यंत वर्तमानपत्रांच्या टेबलावर सगळ्यांनी वर्तमानपत्रं खाली ठेवली होती. डागमार उठून गेली. आभार मानायला विसरली.

त्याच दिवशी, संध्याकाळी
लॉग-आउट नको म्हणून पत्र तसंच उघडं ठेवलं. दुपारभर मशीनसमोर गर्दी. माय-ब्रिटसुद्धा येऊन उभी राहिली, चष्मा न लावता वाचता येतं म्हणाली. प्रतिसाद अपेक्षेपेक्षा मोठा. भाषणात घालणं.

२४ मार्च
डागमार मशीनकडे फिरकलेली नाही. टुरेला विचारलं. तो म्हणाला, "ऊन फार आहे रे हल्ली." आणि पुस्तकं लावायला गेला. सगळे पुस्तकं लावायला जातात. त्यांना माझा हेवा वाटत असावा. मोठ्या मनानं दुर्लक्ष करणं.

२७ मार्च
फीत, केक, नगरपालिकेच्या सभापती बाई. खुर्ची रिकामी. डागमारला शोधत निघालो. शौचालयाजवळच्या काळोख्या कोपऱ्यात, जुन्या संगणकावर, भिंतीला पाठ लावून बसली होती. पडदा काळा, अक्षरं पांढरी आणि बेताची. युनिल्लानं तिचं सेटिंग एका पेनड्राइव्हमध्ये घालून दिलंय. डागमार तो गळ्यात घालते. लावला की तिची अक्षरं येतात, काढला की मागे काही उरत नाही. हे आठवडाभर चाललंय. टुरेला माहीत, सफाईवाल्याला माहीत. मला नाही. का, म्हणून युनिल्लाला विचारलं. "तुझं मन मोडवेना," म्हणाली. इतकी वर्षं एकत्र कॉफी प्यायल्यावर हे.

डागमारला म्हटलं, चल, सभापती थांबल्यात. मान वर न करता ती म्हणाली, "हेन्निंग का? तिथंच थांब. पुढे येऊ नकोस." मी मदत देऊ केली. "नको. पत्र वाचतेय."

मी थांबलो. ती ओठ हलवत सावकाश वाचत होती. मग एकदम हसू फुटलं तिला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पेनड्राइव्ह काढला, गळ्यात घातला आणि केक न खाता घरी गेली.

एब्बानं काय लिहिलं होतं ते संध्याकाळपर्यंत गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. मी माय-ब्रिटकडेही जाऊन आलो.