सर्वांना आग्रहाचे निमंत्रण

नाना, आज पुन्हा पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमांची यादी केली. आता फळ्यावर खडूनं लिहावं लागत नाही, टाइप करून विद्यापीठाच्या वेबसाइटवर टाकायची. सहा व्याख्यानं, एक ग्रंथप्रदर्शन, एक रक्तदान शिबिर, आणि खाली तीच ओळ, सर्वांना आग्रहाचे निमंत्रण. कुत्रं फिरकत नाही. पाहुण्यांना रिकाम्या खुर्च्या दिसू नयेत म्हणून आम्ही वर्गांतून पोरं उठवून आणतो, हजेरीचा धाक घालतो, आणि ती बिचारी मागं डुलक्या काढतात. इतकी वर्षं हेच चाललंय. त्या ओळीवर विश्वास ठेवून आलेला माणूस मी एकच पाहिला, आणि त्याला मीच बाहेर काढलं.

मी नोकरीला लागले आणि नाशकात खोली घेऊन राहायला लागले, तेव्हा तुम्ही दर गुरुवारी सायखेड्याहून पहिल्या एसटीनं फुलं घेऊन मार्केटला यायचात. ती विकली की आईनं दिलेला डबा घेऊन माझ्याकडं विद्यापीठात. फाटकाजवळच्या फळ्यावरचं माझं अक्षर तुम्ही बोट फिरवत वाचायचात. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो नाना, ते असंच लिहायचं असतं." तर म्हणालात, "असंच कसं? आग्रहानं बोलावलंय. नाय गेलं तर मान्साला काय वाटंल?" झालं, मग तुम्ही येतच राहिलात. हृदयविकार असो नाहीतर शेअर बाजार, तुम्ही हजर. आणि बोलावणाऱ्याकडं रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या गुलछडीच्या दांड्या काखेत. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्या वर्षी आपली गुलछडी जमिनीतच कुजत होती. मी फळ्यावर फुलझाडांच्या रोगांवरचं व्याख्यान लिहिलं आणि तुम्ही महिनाभर त्याची वाट पाहिलीत. त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून, खिशात कागदात बांधलेला कुजका कंद घेऊन तुम्ही पहिल्या रांगेत बसलात, पाहुण्यांना दाखवायला सोपं जावं म्हणून. आमच्या साहेबांनी दारातून पाहिलं. "ते पुढं कोण बसलेत?" मी तेव्हा तात्पुरती होते, मला कायम करायची फाइल त्यांच्याच टेबलावर होती. मी म्हटलं, "फुलवाले आहेत, सर. फुलं द्यायला आलेत." ते म्हणाले, "मग फुलं घ्या आणि त्यांना मोकळं करा."

मी तुमच्यापाशी येते. हातातली फुलं घेते. "झालं तुमचं काम, निघा आता," म्हणते, साहेबांना ऐकू जाईल अशा बेतानं. तुम्ही माझ्याकडं बघता, मग दारातल्या साहेबांकडं. उठता, टोपी नीट करता आणि हळूच म्हणता, "बरं, मॅडम."

पुढं तुम्ही डबा वॉचमनकडं ठेवून परस्पर जायला लागलात. आईनं विचारलं तर म्हणे, लय कामं हायेत. त्या उन्हाळ्यात गुलछडी उपटून टाकलीत. पाहुण्यांनी तर कुजण्यावर उपाय सांगितला होता, मी कोपऱ्यात उभी राहून सगळा ऐकला होता. पण तुम्हाला तो सांगायचा म्हणजे त्या दिवसाबद्दल बोलावं लागलं असतं, म्हणून गप्प बसले. दोनदा धीर करून विषय काढला, दोन्ही वेळा तुम्ही मेथीच्या भावावर गेलात. तिसऱ्या वर्षी तुम्हीच गेलात. तुम्ही मला माफ केलं होतं की माझ्याशी बोलायचंच सोडलं होतं, हे आता कुणाला विचारू?

कायम झाले मी, नाना. फाइलवर सही झाली. लोकांना वाटतं, पोरीनं बापाचं नाव काढलं. मला ते ऐकवत नाही, पण कुणाला थांबवतही नाही.

हे कुठं पाठवायचं नाहीच, जेवणाची सुट्टी संपली की फाडून टाकीन. पण लिहायला बसले ती एकाच गोष्टीसाठी, आणि तीच टाळत आलेय. तुम्ही मॅडम म्हणालात तेव्हा मला लाज वाटली नाही. हायसं वाटलं. लाज फार नंतर आली, तुम्ही गेल्यावर.